मागच्या बाकावर कोण बसतं?

रामटेक तालुक्यातल्या एखाद्या मुलीनं बारावीनंतर शिक्षिका व्हायचं ठरवलं, तर पुढचा रस्ता कागदावर आखलेला आहे. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डी.एल.एड. करायचं, कारण प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. चालणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३मध्ये दिला. माध्यमिक शाळेत जायचं असेल तर आधी पदवी, मग सीईटी आणि मग दोन वर्षांचं बी.एड. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटी उत्तीर्ण व्हायचं, भरतीसाठी अभियोग्यता चाचणी द्यायची, पवित्र पोर्टलवर नाव नोंदवायचं. निवड झालीच तर सुरुवातीची वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची, प्राथमिकला महिना १६ हजार रुपये मानधनावर. तालुक्याच्या गावांत या विषयावर बोलणं निघालं की ते याच मुक्कामांभोवती फिरतं. कटऑफ किती लागला, जाहिरात कधी येणार, संस्थेत लागायचं तर काय पडतं. मधल्या दोन वर्षांत त्या मुलीला कोण शिकवतं, कसं शिकवतं आणि ती शिकवताना तिच्याकडे कोण पाहतं, हे सहसा कुणी विचारत नाही.

या अंकासाठी संपादकांनी ‘शिक्षक कुठे घडतो’ हा विषय सुचवला, तेव्हा या न विचारलेल्या प्रश्नाकडेच वळावंसं वाटलं. त्याचं उत्तर शोधू लागलं की मराठी मुलुखात वाट वारंवार ख्रिस्ती संस्थांपाशी जाते. अहमदनगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळा, पुण्याचं मिशनचं नॉर्मल स्कूल, नागपुरातली स्कॉटिश मिशनची शाळा आणि आज पुण्यात औंध रोडला उभं असलेलं स्पायसर अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ. या संस्थांनी शिक्षकप्रशिक्षणाला जे दिलं त्याचं सार बायबलमध्ये किंवा इंग्रजीत शोधू नये. शिकाऊ शिक्षकानं खऱ्या मुलांसमोर उभं राहावं, मागच्या बाकावर जाणत्या शिक्षकानं बसावं आणि पाठ संपल्यावर दोघांनी त्यावर बोलावं, ही साधी व्यवस्था त्यांनी रुजवली. ती आज आपल्याकडे मोडकळीला आली आहे. रामटेकसारख्या तालुक्याला नवी इमारत किंवा नवं पोर्टल नको, ही व्यवस्था हवी आहे, असं या लेखाचं म्हणणं आहे.

रामटेकच्या कवीचा निकष

‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनी साधार मांडलं आणि विदर्भानं ते मनापासून स्वीकारलं. गडावर कालिदासाचं स्मारक आहे आणि १९९७पासून त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ रामटेकला आहे. मात्र शिक्षकाच्या विषयावर कालिदास बोलतो तो ‘मालविकाग्निमित्रा’त. गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य आपापल्या श्रेष्ठत्वावरून भांडत राजापुढे येतात. त्यांची परीक्षा कशी घ्यायची, असा पेच पडतो. स्वतःची विद्या उत्तम असणं वेगळं आणि ती दुसऱ्यात उतरवता येणं वेगळं, दोन्ही ज्याच्यापाशी असेल तोच शिक्षकांत अग्रेसर, असा निकष परिव्राजिका कौशिकी घालून देते. त्यानुसार आचार्यांनी स्वतः नाचून दाखवायचं नाही, शिष्येला रंगमंचावर आणायचं असं ठरतं. गणदासाची परीक्षा होते ती मालविकेच्या नृत्यावरून.

हा निकष सोयीचा नाही, कारण त्यासाठी परीक्षकाला शिष्याच्या सादरीकरणाला हजर राहावं लागतं. विद्या तपासायला प्रश्नपत्रिका पुरते. ती उतरवण्याची हातोटी तपासायची तर वर्गातच जावं लागतं. आपल्याकडे प्रवेशापासून भरतीपर्यंत सीईटी, टीईटी आणि अभियोग्यता चाचणी या तिन्ही परीक्षा पर्यायी उत्तरांच्या आहेत. तिन्ही पार केलेल्या उमेदवाराला शिकवताना कुणी पाहिलेलं असतं ते फक्त त्या दोन वर्षांत, म्हणजे प्रशिक्षणाच्या काळात. ते पाहणंच पोकळ झालं तर पुढची चाळीस मुलं आणि पुढची तीस वर्षं कुणीच पाहिलेलं नाही अशा माणसाच्या हाती जातात.

टाचण वहीच्या पानावर

सराव पाठ म्हणजे नेमकं काय, हे जवळून पाहायला हवं. शिकाऊ शिक्षिकेकडे टाचण वही असते. पानावर वर इयत्ता, विषय, घटक आणि वेळ. खाली उभे रकाने: उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणं, अध्यापन मुद्दे, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन, मूल्यमापन. पाठ कुठल्या पायऱ्यांनी जाणार ते आधी ठरलेलं असतं. प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन आणि शेवटी उपयोजन, अशी ती जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या वळणाची वाट अजून चालत आली आहे. टाचण आदल्या दिवशी मार्गदर्शकाला दाखवून सही घ्यायची. त्याआधी कॉलेजमध्ये सूक्ष्म अध्यापन होतं, म्हणजे एकच कौशल्य धरून सहा मिनिटांचा छोटा पाठ. प्रश्न विचारणं, उदाहरणं देणं, चेतक बदल, फळ्यावर लिहिणं. पाठ सहा मिनिटं, त्यावर बोलणं सहा मिनिटं, फेरनियोजन बारा, पुन्हा पाठ सहा, पुन्हा बोलणं सहा. छत्तीस मिनिटांचं हे चक्र पूर्ण फिरलं तर एकाच बैठकीत चूक दिसते आणि दुरुस्तही होते.

खरी कसोटी शाळेतल्या वर्गात लागते. टाचणात लिहिलेलं असतं, ‘मुले उत्तर देतील: बाष्पीभवन.’ वर्गात प्रश्न विचारल्यावर पोरं गप्प बसतात, किंवा एकजण म्हणतो, ‘पाणी आटते, मॅडम.’ उत्तर अगदी बरोबर असतं, पण टाचणातला शब्द आलेला नसतो. नवखी शिक्षिका अशा वेळी हमखास पुढच्या मुलाकडे वळते आणि हवा तो शब्द येईपर्यंत विचारत राहते. बरोबर उत्तर दिलेला मुलगा आपण चुकलो असं समजून खाली बसतो. मागच्या बाकावर कुणी जाणता बसलेला असेल तर हा क्षण त्याच्या नजरेतून सुटत नाही. निरीक्षणाच्या कागदावर तो त्या मुलाचं उत्तर जसंच्या तसं टिपतो आणि पाठ संपल्यावर व्हरांड्यात विचारतो, ‘त्यानं आटतं म्हटलं तेव्हा तू थांबली का नाहीस?’ या एका प्रश्नातून जे शिक्षण होतं ते अध्यापनशास्त्राच्या ग्रंथातून होत नाही. मागचा बाक रिकामा असेल, किंवा त्यावर बसलेला माणूस आणखी चार वर्गांच्या कागदांवर ‘पाठ चांगला, आवाज थोडा वाढवावा’ असं लिहीत असेल, तर तीच चूक सवय बनते आणि नोकरीभर सोबत राहते.

नियमात यासाठी जागा आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४च्या निकषांनुसार बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात शाळेतल्या अनुभवाला वीस आठवडे मिळाले, त्यांतले सोळा दुसऱ्या वर्षी, आणि या छात्रसेवाकालाला ९० टक्के हजेरी आवश्यक ठरली. मात्र हजेरी नोंदवता येते, मागच्या बाकावरचं लक्ष नोंदवता येत नाही. ‘नॉन-अटेंडिंग’ हा शब्द बी.एड.च्या प्रवेशाच्या बोलण्यात आज किती सहज येतो, ते या क्षेत्रातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. शिक्षकप्रशिक्षणावर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला, त्याचं निमित्तही महाराष्ट्रातल्या डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद हेच होतं. देशातल्या सेवापूर्व प्रशिक्षणसंस्थांपैकी सुमारे ९० टक्के खासगी हातांत असल्याचं आयोगानं २०१२च्या अहवालात नोंदवलं आणि संस्थांच्या दर्जाबद्दल गंभीर चिंता व्यक्त केली. संस्था अमाप वाढल्या, पण सोबत चालणाऱ्या चांगल्या शाळा वाढल्या नाहीत.

अहमदनगर, पुणे, नागपूर

शिकवायलाही शिकावं लागतं, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. पंतोजीच्या शाळेत विद्या हीच पात्रता होती आणि छडी हे साधन. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या शाळांबरोबर नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाची शाळा, आलं आणि त्याच सुमारास सरकारनंही ती वाट धरली. सिंथिया फॅरार ही अमेरिकन मिशनरी बाई १८२७च्या अखेरीस मुंबईत आली, १८३९मध्ये अहमदनगरला गेली आणि अखेरपर्यंत तिथं मुलींच्या शाळा चालवत राहिली. तिची शाळा पाहून आपल्याला मुलींची शाळा काढायची प्रेरणा मिळाली, असं जोतीराव फुल्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. सावित्रीबाईंचं शिक्षिका म्हणून प्रशिक्षण अहमदनगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये झालं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पहिल्या मराठी शिक्षिकेचं नाव आपण आदरानं घेतो, पण त्या शिक्षिका होण्याआधी शिकवायला शिकल्या होत्या हे मात्र विसरतो. भिडे वाड्यातलं धैर्य त्यांचं स्वतःचं होतं. त्या धैर्याच्या हाती कसब होतं, ते प्रशिक्षणातून आलेलं होतं.

फुल्यांनी या गोष्टीचं मोल पुरेपूर ओळखलं होतं. ऑक्टोबर १८८२मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, असा आग्रह धरला. गरज पडली तर नांगर धरायला न लाजणारा, खालच्या थरातल्या लोकांत मिसळणारा शिक्षक त्यांना हवा होता, आणि त्याला पगारही नीट मिळायला हवा होता. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी स्त्रीशिक्षिकांची गरज मांडली. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. लहान मुलाला हातानं, खेळानं, वस्तूनं शिकवायचं तर त्याचं स्वतंत्र शिक्षण शिक्षिकेला द्यावं लागतं, हे त्यांनी परदेशातून शिकून आणलं. संस्कृतात पारंगत असलेली ही पंडिता बालवर्ग कसा घ्यावा हे शिकायला विद्यार्थिनी होऊन बसली, याला आपल्या शिक्षणाच्या इतिहासात मोठं स्थान द्यायला हवं.

विदर्भात ही वाट स्टीफन हिस्लॉपनं आणली. तो १८४५मध्ये कामठी-नागपूर भागात आला. तेव्हा नागपूर भोसल्यांचं राज्य होतं. पुढच्याच वर्षी त्यानं शाळा सुरू केली आणि तिच्याच परंपरेतून १८८३मध्ये त्याच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं. कॉलेजाचं नाव वैदर्भीयांच्या तोंडी असतं, पण हिस्लॉपचं दुसरं काम मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. रामटेकच्या दृष्टीनं तेच अधिक मोलाचं आहे. त्याकडे पुढे येऊ.

औंध रोडचं विद्यापीठ

महाराष्ट्रात ख्रिस्ती विद्यापीठात शिक्षक होण्याचं शिक्षण घ्यायचं म्हटलं तर नाव येतं ते स्पायसरचं. १९१५मध्ये कोइमतूरला ‘साउथ इंडिया ट्रेनिंग स्कूल’ म्हणून ही संस्था निघाली, म्हणजे जन्मापासूनच ती प्रशिक्षणाची शाळा होती. पुढे ती बंगळूरकडे गेली आणि १९४२मध्ये पुण्याला आली. विल्यम स्पायसर या अ‍ॅडव्हेंटिस्ट मिशनऱ्याचं नाव तिला मिळालं आणि २०१४मध्ये महाराष्ट्राच्या स्वतंत्र कायद्यानं तिला विद्यापीठाचा दर्जा दिला. पुणेकर तिला ओळखतात ते बहुधा तिच्या बेकरीतल्या गव्हाच्या पावामुळे आणि शेंगदाण्याच्या लोण्यामुळे. ही ओळख वरवरची नाही. विद्यार्थ्यानं शिकता शिकता हातानं काम करावं, हा अ‍ॅडव्हेंटिस्ट शिक्षणाचा मूळ आग्रह आहे. डोकं, हृदय आणि हात यांचं एकत्र शिक्षण, अशी त्यांची मांडणी. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत त्यांचा शब्बाथ असतो. त्या काळात कामकाज थांबतं. खाणावळ शाकाहारी आहे.

शिक्षकप्रशिक्षणाच्या दृष्टीनं तिथली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे विद्यापीठाच्या आवारातच शाळा आहे. प्रशिक्षण देणारी जागा आणि मुलं शिकणारी जागा एका कुंपणात असली की पाहणं सोपं होतं. प्राध्यापक वर्गापासून दूर राहत नाही, शाळेतले शिक्षक प्रशिक्षणार्थींना परके राहत नाहीत, आणि टाचणातली चूक सोमवारी दिसली तर मंगळवारी दुरुस्त करायला वर्ग हाताशी असतो. मुंबईत मरीन लाइन्सला येशूसंघीयांनी १९५३पासून चालवलेली सेंट झेवियर्स इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ही याच गोताची संस्था, आणि तिच्यामागे येशूसंघाच्या शाळांची मोठी परंपरा आहे. ख्रिस्ती संस्थांकडे शाळा आधी आल्या आणि शिक्षक घडवण्याची गरज त्या शाळांतून निर्माण झाली. आपल्याकडे १९९० आणि २०००च्या दशकांत उगवलेल्या बऱ्याच कॉलेजांत नेमकं उलट घडलं. आधी कॉलेज आलं आणि मग सराव पाठांसाठी शाळा शोधत फिरायची वेळ आली. मुख्याध्यापकाला हे लोढणं वाटतं, वर्गशिक्षकाला अभ्यासक्रम मागे पडण्याची धास्ती असते. प्रशिक्षणार्थी पाहुण्यासारखे येतात आणि तसेच जातात.

धर्माचं काय?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ख्रिस्ती संस्थांनी शाळा काढल्या त्या धर्म पसरवायला. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मिशनऱ्यांनी हा हेतू कधी लपवला नाही आणि समाजानंही तो ओळखला होता. मुंबईत १८३९मध्ये पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाल्यावर जॉन विल्सन यांच्या शाळेतून मुलं भराभर काढून घेतली गेली. १८९३मध्ये शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात असल्याच्या वादातून रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ही माणसं संकुचित नव्हती. घरच्यांच्या विश्वासावर सोपवलेल्या मुलींच्या बाबतीत तो प्रश्न विचारणं रास्तच होतं.

तरीही या आक्षेपानं मूळ मुद्दा बाद होत नाही. फुल्यांचंच उदाहरण घ्या. ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, फॅरारबाईंची शाळा पाहून आले, मिशनऱ्यांशी त्यांचा आयुष्यभर संबंध राहिला आणि ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी शिकवण्याची पद्धत उचलली, माणसाकडे पाहण्याची समतेची दृष्टी घेतली आणि धर्माचा प्रश्न स्वतःच्या बुद्धीनं सोडवला. विहीर कुणी खणली हे लक्षात ठेवून पाणी पिता येतं. आजच्या प्रशिक्षणार्थीच्या बाबतीत तर राज्यघटनेचं कलम २८ स्पष्ट आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीविना, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीविना, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अल्पसंख्याक दर्जाच्या आडून या संस्था नियमांतून सुटतात, असं म्हटलं जातं. याची कहाणी जुन्या मुंबई राज्यापर्यंत मागे जाते, आणि ती नेमकी शिक्षकप्रशिक्षणाचीच आहे. बोरसद इथं प्रेस्बिटेरियन चर्चचं शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज होतं. त्यातल्या ८० टक्के जागा सरकारनं पाठवलेल्या शिक्षकांसाठी राखाव्यात, असा आदेश मुंबई सरकारनं १९५५मध्ये काढला. सिधजभाई सभाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६२मध्ये तो कलम ३०च्या विरुद्ध ठरवून रद्द केला. आपले शिक्षक आपण घडवण्याचा हक्क हा संस्था चालवण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यातून पक्कं झालं. पुढे २०१४मध्ये अल्पसंख्याक शाळा शिक्षणहक्क कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या. सप्टेंबर २०२५मध्ये सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक करताना न्यायालयानं अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.

माझं मत असं: प्रवेश कुणाला द्यायचा, दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं करायची की नाही, आवार कसं चालवायचं, याचं स्वातंत्र्य या संस्थांना असावं. मात्र मुलांसमोर उभं राहण्याची किमान पात्रता हा मुलांचा हक्क आहे, संस्थेची सवलत नव्हे. ज्यांनी प्रशिक्षणाची परंपरा इथं रुजवली, त्यांनी तरी पात्रतेच्या परीक्षेपासून सूट मागू नये. ते त्यांच्याच इतिहासाला साजेसं होणार नाही.

वर्ध्याकडून आलेली साक्ष

मागच्या बाकाची ही व्यवस्था ख्रिस्ती संस्थांचीच मिरासदारी आहे, असं मात्र नाही. रामटेकहून दक्षिणेला, नागपूर ओलांडून गेलं की सेवाग्राम लागतं. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीनं आराखडा केला आणि नई तालीम सुरू झाली. तिथंही प्रशिक्षण शाळेच्या आवारातच होतं. शिकाऊ शिक्षक मुलांबरोबर कताई करत, शेतात राबत, सफाई करत, आणि त्या कामातून गणित आणि विज्ञान कसं उलगडायचं ते शिकत. या कामाची धुरा वाहणारे आर्यनायकम मूळचे सिलोनचे आणि ख्रिस्ती घराण्यातले होते. त्यांच्या पत्नी आशादेवी त्यांच्या बरोबरीनं उभ्या होत्या. स्वातंत्र्यानंतर तिथं शिक्षकांचं प्रशिक्षण सांभाळणाऱ्या मार्जोरी साइक्स क्वेकर पंथाच्या. गांधींच्या आश्रमात, हिंदू-मुस्लिम-ख्रिस्ती माणसांनी मिळून, त्याच जातीची व्यवस्था उभी केली होती जी मिशनच्या आवारात दिसते: सहजीवन, हातानं काम, सोबतची शाळा आणि रोजचं पाहणं. दोन वेगळ्या श्रद्धांतून निघालेल्या वाटा एकाच ठिकाणी येतात, तेव्हा ते कामाच्या स्वभावातूनच आलेलं असतं असं मानायला जागा आहे.

नई तालीम पुढे का ओसरली, हा मोठा विषय आहे. एक कारण इथं सांगायला हवं. सरकारनं तिचे विषय घेतले, तकल्या वाटल्या, पण प्रत्येक प्रशिक्षणकेंद्राशी जोडलेली जिवंत शाळा टिकवली नाही.

देवलापारच्या वर्गात

आता रामटेककडे परत येऊ. हा तालुका एकसारखा नाही. गडाखालचं गाव, विड्याच्या पानांचे मळे, मनसरच्या मँगनीजच्या खाणी, नगरधनच्या बाजूची धानाची शेती, आणि उत्तरेला देवलापार ओलांडलं की पेंचचं जंगल आणि मध्य प्रदेशाची हद्द. तिकडच्या गावांत गोंड वस्ती मोठी. शाळेत येणारं मूल घरून गोंडी, वैदर्भी मराठी आणि हिंदी यांचं आपलं असं मिश्रण घेऊन येतं. ‘काऊन’ म्हणणाऱ्या पोराच्या पुस्तकात ‘का’ असतं, आणि गोंडी बोलणाऱ्या मुलाला दोन्ही परके असतात. टाचण वहीत ‘मुले उत्तर देतील’ असं लिहिणाऱ्या शिक्षिकेला ही मुलं कुठल्या भाषेत उत्तर देतील, हे कुणी शिकवलेलं नसतं.

इथंच हिस्लॉपचं दुसरं काम आठवायला हवं. त्यानं नागपूरच्या आसपासच्या गोंडांमध्ये फिरून त्यांची भाषा, शब्दसंग्रह, चालीरीती आणि लिंगोची गाथा टिपून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात त्याचा मृत्यू झाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपलनं १८६६मध्ये प्रसिद्ध केले. गोंडीच्या अभ्यासातलं हे फार आधीचं काम आहे. त्याच्या मनात धर्मप्रसार होता हे खरं. पण लोकांपर्यंत पोचायचं तर आधी त्यांचं बोलणं ऐकून लिहून घ्यावं लागतं, हे त्याला उमगलं होतं. देवलापारकडच्या शाळेत जाणाऱ्या आजच्या प्रशिक्षणार्थीनं पहिल्या महिन्यात एवढंच करावं: शिकवू नये, मुलांचं बोलणं ऐकून टिपावं. पाणी, पाऊस, झाड, जनावर, मोजमाप यांसाठी मुलं काय म्हणतात, त्याची वही करावी. तीच पुढच्या वर्षभराच्या टाचणांचा पाया होईल.

सराव पाठांमुळे मुलांचं नुकसान होतं, शिकाऊ माणसाच्या हातात वर्ग देऊ नये, असंही शिक्षक आणि पालक म्हणतात. तक्रार खरी आहे ती आजच्या पद्धतीपुरती, जिथं महिनाभर वीस नवखे येतात आणि निघून जातात. एका शाळेत दोनच प्रशिक्षणार्थी सबंध सत्रभर राहिले, वर्गशिक्षक वर्गातच थांबला, मागे पडलेल्या मुलांचा छोटा गट त्यांच्याकडे दिला, तर दोनशिक्षकी शाळेला दोन जोड हात मिळतात. डोंगराकडच्या शाळांना तर याची फारच गरज आहे. शिक्षक जन्मावा लागतो, घडवता येत नाही, असंही म्हणणारे भेटतात. त्यांना उत्तर एवढंच की राज्याला लाखो शिक्षक लागतात, आणि तेवढी जन्मजात गुणवत्ता कुठल्याच समाजात नसते.

नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०३०पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता करू पाहतं. प्रशिक्षणाची वर्षं वाढतील, पण शाळा सोबत नसेल तर फक्त मागचा बाक आणखी दोन वर्षं रिकामा राहील. जिल्हा परिषदेनं प्रत्येक केंद्रातली एक चांगली शाळा निवडावी, तिथल्या अनुभवी गुरुजींना आणि बाईंना मार्गदर्शक म्हणून मानधन आणि तासिकांत सूट द्यावी, आणि आसपासच्या प्रशिक्षणसंस्थांना त्या शाळांशी बांधून घ्यावं. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायचं कारण नाही.

तोपर्यंत प्रवेश घेणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या पालकांना एक सांगणं आहे. कॉलेज ख्रिस्ती असो, संस्कृत विद्यापीठाचं असो, सरकारी असो की संस्थेचं, फी विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. तुमची सराव शाळा कुठली? एका विद्यार्थ्याचे किती पाठ पूर्ण वेळ बसून पाहिले जातात? आणि ते कोण पाहतं? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर तिथं प्रवेश घेऊ नका.